गळाला काहीही लागो, आनंद तोच?

काठावरचा
मंडळी, एक साधा प्रश्न आहे. गेल्या रविवारी सकाळी सहा ते अकरा तळ्याकाठी गळ टाकून बसलो होतो. पाच तासांची कमाई अशी: करंगळीएवढा एक मासा, एक खेकडा (आमिष खाल्लं, गळ नाकारला आणि जाताना नांगी दाखवून गेला) आणि कुणाच्या तरी तुटलेल्या दोऱ्याचा मोठा गुंता. त्या गुंत्यात एक गळ होता. अगदी चांगला, गंजही न चढलेला. तो डबीत ठेवून दिला.

पलीकडे एक गृहस्थ बसले होते. कमरेला स्प्रिंगचा काटा लटकवलेला. माझा मासा बाहेर आलेला बघून त्यांनी तिथूनच विचारलं, "किती भरला?"
म्हटलं, "भरला नाही हो, मावला."
ते हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. मला खरंच मजा आली होती. पाचही तास. मग ती कशाची? मासा कुठलाही लागला, केवढाही लागला, लागलाच नाही, तरी तेवढीच मजा येते असं तुमचंही होतं का? की मी हरलेल्या माणसासारखं स्वतःचं समाधान करून घेतोय?

नदी, तळं, धरण, कालवा, कुठलंही गोडं पाणी चालेल. समुद्रवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा, तिकडचे हिशेब वेगळे असतात.

बुडबुडा
पहिला!
माझ्यापुरतं सांगायचं तर मी माशांकडे बघतो आणि मासे मला पाण्यात पाहतात.

रात्रपाळी
काठावरचा, अगदी मनातलं लिहिलंत. माझी सगळी मजा फ्लोटमध्ये, म्हणजे दोऱ्याला बांधलेल्या पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यात आहे. मासा बाहेर काढणं म्हणजे नंतरची कारकुनी.

फ्लोट हलला की पाण्याखाली काय चाललंय ते हळूहळू वाचता यायला लागतं. बारके मासे असले की तो उगीच थरथरतो, नाचतो, गोल फिरतो, आणि वर काढून बघावं तर गळ चाटूनपुसून स्वच्छ. शिंगाळ्यासारखा मिशीवाला असला तर बरेचदा आधी काहीच नसतं, मग फ्लोट एका दिशेला शांतपणे चालू लागतो, कुणीतरी हात धरून नेल्यासारखा. आणि सगळ्यात गंमत तळ चाळणाऱ्या माशांची. मासा डोकं खाली करून तळातलं आमिष तोंडात घेतो, मग सरळ होतो. त्याच्याबरोबर दोऱ्याला वजनासाठी बांधलेलं, तळाला टेकलेलं शिसंही उचललं जातं, फ्लोटवरचा भार उतरतो आणि तो बुडायच्या ऐवजी वर येऊन आडवा पडतो. नवखा माणूस "अरे, हा का झोपला?" म्हणून बघत बसतो, तोवर मासा आमिष थुंकून पसार. मीही एक अख्खा उन्हाळा असाच बघत बसलो होतो.

त्या दोन सेकंदांत खाली काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. बाहेर आल्यावर तो करंगळीएवढा निघाला म्हणून आधीचे दोन सेकंद काही लहान होत नाहीत.

सहज_सुचलं
+१. शेवटचं वाक्य खास.

काटेकोर
थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. "काहीही लागो, आनंद तोच" हे मला पटत नाही. मोठा मासा हा नशिबाचा खेळ नसतो. तो कुठे थांबतो, पाणी चढतंय की उतरतंय, बुडालेलं झाड कुठे आहे, कुठल्या हंगामात काय खातो, याचा वर्षानुवर्षं अभ्यास करावा लागतो. करंगळीएवढा मासा कुणालाही लागतो. मग दोघांचा आनंद सारखा कसा? मी वजन करतो, वहीत लिहितो, तारीख घालतो. यात हावरेपणा नाही, मोजल्याशिवाय आपण सुधारतोय की नाही हे कळत नाही.

आणि जगभर हेच चालतं. लार्जमाउथ बास या माशाचा विक्रम १९३२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात झाला, २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या थोडा वर. तो मोडायला लोकांनी आयुष्यं घालवली. शेवटी २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात एकाला जेमतेम एक औंस जास्त वजनाचा मासा लागला.

आडवळण
@काटेकोर, पुढचं सांगितलं नाहीत ते मी सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम असा की २५ पौंडांच्या आतला विक्रम मोडायचा तर नवा मासा निदान २ औंसांनी जास्त भरला पाहिजे. २ औंस म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. बिवाचा मासा तेवढा जास्त नव्हता, म्हणून ७७ वर्षांनी निकाल लागला तो बरोबरीचा!
त्या माणसाने माशाला गळाबरोबर अजून थोडी गांडुळं चारायला हवी होती.

बुडबुडा
७७ वर्षं आणि ५७ ग्रॅम. याला म्हणतात हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

शेवाळ
वजनाचा विषय निघालाच आहे, तर उलट्या बाजूचं उदाहरण देते. त्याच जपानमध्ये तानागो नावाच्या इवल्याशा माशाची मासेमारी एदो काळापासून, म्हणजे काही शतकांपासून चालत आलीये. पूर्ण वाढलेला मासाच बोटाएवढा. आणि तिथले शौकीन त्यातला जास्तीत जास्त लहान मासा पकडायला धडपडतात! नाण्यावर मावेल असा मिळाला की स्वर्ग दोन बोटं. एवढ्याशा तोंडासाठी गळ बाजारात मिळत नाही म्हणून तो भिंगाखाली धरून घासून आणखी बारीक करतात. आमिष सुईच्या टोकाएवढं, काठीही नाजूक.

म्हणजे कौशल्य हवंच, काटेकोर, ते तुमचं बरोबर. पण कौशल्याचा काटा मोठेपणाकडेच झुकला पाहिजे असं कुठे आहे? करंगळीएवढा मासा कुणालाही लागतो म्हणता, मुद्दाम ठरवून पकडून दाखवा बरं.

अवांतर: हा तानागो आणि त्याची भावंडं अंडी घालतात ती जिवंत शिंपल्यात. मादी लांब नळी शिंपल्याच्या फटीत घालून आत अंडी सोडते आणि पिल्लं शिंपल्याच्या कल्ल्यांमध्ये वाढतात. भाडं नाही, अनामत नाही.

काटेकोर
@शेवाळ, तानागोचं माहीत नव्हतं. वाचतो. गळाचा नंबर काय असतो त्यांच्या?

आडवळण
काटेकोर, खरं सांगा, पलीकडच्या काठावरचे काटावाले गृहस्थ तुम्हीच ना?

काटेकोर
नाही. मी शनिवारी जातो.

निरुपद्रवी
सगळ्यांची मजा चाललीये म्हणून इतका वेळ गप्प होतो. ही "साधी मजा" कुणाची? फ्लोटच्या वरच्या बाजूला बसलेल्याची. खालच्या बाजूला जो आहे त्याच्या जबड्यात पोलादाचा आकडा घुसलाय. माशांना काही जाणवत नाही ही सोयीची समजूत आहे. ट्राउट माशांच्या डोक्यावर आणि ओठांपाशी इजा टिपणारे चेतातंतू असतात हे २००३ मध्येच प्रयोगातून दाखवलं गेलंय. ओठाला त्रासदायक द्रव टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर तोंड घासत होते, खाणंही सोडून बसले होते. ज्यांचं पोट यावर चालतं त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण विरंगुळा म्हणून?

बुडबुडा
घ्या, आता धागा दोनशेपार जाणार. मी दोन दिवसांनी येतो.

रात्रपाळी
निरुपद्रवी, आम्ही बहुतेक जण पकडलेला मासा सोडून देतो.

निरुपद्रवी
तेच मला जास्त खटकतं. ज्याला खायचंय त्याच्यापाशी निदान कारण आहे. तुम्ही नुसतं ओढून, बघून, फोटो काढून परत टाकता. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडायला कायद्याने मनाई आहे, ते काही वेडे नाहीत.

काठावरचा
निरुपद्रवी, धागा माझा आहे म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मासा तडफडतो तेव्हा मलाही वाईट वाटतं आणि तरी मी पुढच्या रविवारी जातो. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात, एकमेकींशी बोलत नाहीत. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

पाणकोंबडी
वाद मिटणार नाही, पण ज्यांना सोडायचाच आहे त्यांनी नीट तरी सोडा. बहुतेक जण सोडतात म्हणजे अक्षरशः मारून सोडतात. हात आधी पाण्यात ओले करा. माशाच्या अंगावर जो चिकट थर असतो ती घाण नाही, त्याचं चिलखत आहे, कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की तो निघतो आणि तिथे बुरशी धरते. तापलेल्या दगडावर, वाळूत ठेवू नका. कल्ल्यात बोटं घालून उचलू नका. गळाच्या टोकाशी मागे वळलेला उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका, मग गळ एका झटक्यात निघतो, आणि तुमच्या अंगठ्यात घुसला तरी निघतो (अनुभवाचे बोल). गळ खोल गिळला असेल तर ओढाताण करू नका, तोंडाजवळ दोरा कापा. आणि फोटोसाठी पाण्याबाहेर धरून दात काढत उभे राहताना स्वतःचा श्वास रोखून बघा. तुम्हाला नकोसं झालं म्हणजे त्याला कधीच झालेलं असतं.

एक अजून. मरळीची जोडी पिल्लांचा पुंजका सांभाळत फिरत असते, पाण्यावर लालसर ठिपक्यांचा ढग हलताना दिसतो. तिथे गळ टाकला की मरळ भुकेने नाही, रागाने झडप घालते, म्हणून ती हमखास लागते. ती काढली की पुंजका दुसऱ्यांच्या तोंडी. असल्या "हमखास" माशाची कुणी फुशारकी मारली तर मी काठावरून उठून जाते.

रात्रपाळी
दंडवत. उलटा काटा दाबायचं मीही सुरू केलंय. दोन-चार जास्त सुटतात, पण असू दे.

तिघांची_आई
मला यात मुळीच रस नव्हता. नवऱ्याच्या हट्टापायी गेलो होतो, तो काठी माझ्या हातात देऊन झाडाखाली झोपला आणि माझ्याच गळाला मासा लागला. मी इतकी दचकले की काठीच सोडली. काठी पाण्यात, काठीमागे धाकटा पाण्यात (गुडघाभरच होतं), आणि मोठी ओरडतेय, "आई, मासाच आपल्याला पकडतोय!"

काठी मिळाली, मासाही होता. चिलापी. काठावर आणली तर तिच्या तोंडातून एक-दोन बारीक पिल्लं बाहेर! मला वाटलं हिने खाल्लेली. मोठीने नंतर शोधून सांगितलं की चिलापीच्या बऱ्याच जातींत मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लंही सुरुवातीला तोंडातच राहतात, धोका वाटला की परत आत. तेवढे दिवस ती जवळजवळ काही खात नाही. मग आमचा आमिषाचा गोळा का घेतला कुणास ठाऊक, हुसकावायला गेली असेल.
पोरांनी तिला घाईघाईने पाण्यात सोडलं आणि पिल्लं ओंजळीने तिच्या मागे टाकली. तिने ती परत घेतली का यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. नवरा शेवटपर्यंत उठला नाही आणि आजही म्हणतो की मासा त्याचा.

आडवळण
"मासाच आपल्याला पकडतोय" ला पैकीच्या पैकी गुण.

शेवाळ
एवढा आरडाओरडा करूनही मासे पळाले नाहीत? आम्हाला तर काठावर शिंकलं तरी दटावायचे.

रात्रपाळी
हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो, आत फार थोडा शिरतो. तेव्हा गप्पा मारा खुशाल. पाय मात्र आपटू नका. जमिनीतून गेलेला धक्का पाण्यात लगेच पोचतो, आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने पळतो. रोहू, कटला या कुळाला तर पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळीच असते, पिशवीवर बसलेली थाप थेट कानात.

दिसण्याचंही तसंच. माशाला वरचं सगळं जग एका गोल झरोक्यातून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या. झरोक्याबाहेर पृष्ठभागाचा नुसता आरसा, त्यात तळाचं प्रतिबिंब. आपण काठावर बसून राहिलो तर त्या झरोक्याच्या अगदी कडेला चेपलेले, पुसट दिसतो. उभे राहिलो की आत येतो. म्हणून बसा. बगळ्याला हे शिकवावं लागत नाही, तो एका पायावर उभा असला तरी हलत नाही.

सहज_सुचलं
आणि पहाटेच जायचं, कारण पहाटे पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो म्हणून मासे तरतरीत असतात.

पाणकोंबडी
सहज_सुचलं, उलटं आहे. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो हे खरं (२० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास), पण मावतो म्हणजे असतोच असं नाही. वनस्पती, शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्रभर सगळेच मिळून तो वापरतात. त्यामुळे शेवाळ माजलेल्या तळ्यात पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात, तेव्हा ते खायला नाही, श्वासाला आलेले असतात. ऊन पडून तासभर झाला की बघा. वाहत्या नदीत फारसा फरक पडत नाही.

शेवाळ
माजलेलं म्हटल्याचा निषेध. :)

सहज_सुचलं
म्हणजे इतकी वर्षं मी उगाच चारला उठत होतो?

बुडबुडा
आलो परत. दोनशे झाले नाहीत, निराश झालो.
सहज_सुचलं, तुम्ही उठत होतात, मासे उठत नव्हते.

पाणकोंबडी
काठावरचा, एक राहिलं. तो गुंता बाहेर काढलात ना, माझ्या मते त्या दिवसाची तीच सगळ्यात मोठी कमाई. नायलॉनचा दोरा पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही. एकदा एक पाणकावळा तसल्याच दोऱ्यात पंख अडकून फांदीला लटकलेला पाहिला, आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. शिशाचं तेच. दगड समजून हंस शिशाचे मणी गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ पासून छोट्या शिशाच्या मण्यांवर बंदी आली. खडा किंवा लोखंडी नट बांधूनही काम होतं.

निरुपद्रवी
पाणकोंबडी, तुमच्याशी मतभेद असूनही तुमचे प्रतिसाद वाचतोय.

बोटावर_दोरा
इथे पहिल्यांदाच लिहितोय. मला फ्लोट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांची नजर गेली काही वर्षं कमी होत गेली, आता उजेड-अंधार एवढंच कळतं. मासेमारी सुटणार असं धरून चाललो होतो. मग एकाने सुचवलं की फ्लोट काढून टाका, शिसं तळाला जाऊ द्या आणि दोरा ताठ करून तर्जनीवर घ्या.

रात्रपाळींनी फ्लोटचं लिहिलंय तसंच सगळं बोटावर येतं, उलट जास्त येतं. तळ खडकाळ आहे की चिखलाचा हे शिसं ओढताना समजतं, खडकावर टकटक, चिखलात नुसतं जड. वाऱ्याने दोऱ्याला झुलवलं तर ती लांब लय असते. बारके मासे टोचतात, सुईने कापड टाचल्यासारखे. खेकडा ओढतो, थांबतो, ओढतो, त्याला कसली घाई नसते. मोठा मासा आला की आधी बोटावरचा भार नाहीसा होतो, कारण तो आमिष घेऊन माझ्याच दिशेने आलेला असतो. ती पोकळी जाणवली की छातीत धस्स होतं.

बाहेर काढल्यावर कोण आहे ते ओला हात फिरवून ओळखतो. खवले आहेत की गुळगुळीत, मिशा किती, पाठीचा काटा कसा. शिंगाळ्याने दोनदा प्रसाद दिलाय. मिशीवाल्यांच्या सगळ्या अंगावर चव कळणारी इंद्रियं असतात असं वाचून दाखवलं होतं कुणीतरी. गढूळ पाण्यात, रात्री, त्यालाही काही दिसत नाही, तो अंगाने चाखत माझ्या आमिषापर्यंत येतो आणि इकडे मी बोटाने त्याच्यापर्यंत जातो. अशा वेळी आम्ही दोघं एकाच पातळीवर असतो असं मला वाटतं. निरुपद्रवी, गळ माझ्याकडे असतो हे मला मान्य आहे.

काठावरचा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: केवढा आहे हे मला नेहमीच शेवटी कळतं.

रात्रपाळी
या रविवारी फ्लोट काढून बसणार. एवढंच लिहितो.

तिघांची_आई
बोटावर_दोरा, लिहीत राहा हो.

आडवळण
बोटावर दोरा ठेवून बसणं तसं फार जुनं असणार. ओकिनावातल्या एका गुहेत समुद्री गोगलगायीच्या शंखापासून घासून केलेले गळ सापडलेत, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. तेव्हा रीळ नव्हतं, काटाही नव्हता. फक्त "अहो, एवढा मोठा होता, सुटला!" तेवढं नक्की असणार.

काटेकोर
चार दिवस विचार करून लिहितोय. माझं मत बदललेलं नाही. मी वजन करणारच. पण वही चाळून बघितली. तीन वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या माशाची नोंद आहे: तारीख, वजन, लांबी, पाण्याचं तापमान. तो लागला तेव्हा कसं वाटलं होतं ते आठवायला गेलो, तर आठवतंय ते भलतंच. त्या दिवशी एक खंड्या येऊन माझ्या काठीच्या टोकावर बसला होता आणि मी पंधरा मिनिटं खाज आली तरी हललो नव्हतो. ते वहीत नाही. "शेरा" असा एक रकाना वाढवलाय.

आडवळण
खंड्याचं वजन केलंत का?

काटेकोर
:) नाही.

काठावरचा
सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. कालचा वृत्तांत देतो.

या वेळी तो सापडलेला गळच बांधला. म्हटलं, कुणाचा तरी हरवलेला आहे, त्याचं नशीब बघू. पक्कडीने उलटा काटा दाबला, हात ओले केले, पाय न आपटता बसलो, सगळं पाणकोंबडींच्या आणि रात्रपाळींच्या सांगण्यावरून. फ्लोट काढून दोरा बोटावर घेतला. पहिली दहा मिनिटं मला फक्त माझीच नाडी लागत होती. मग टाचल्यासारखं काहीतरी झालं. दोनदा. मग काही नाही. आणि मग तो भार नाहीसा झाला, बोटावर_दोरा यांनी लिहिलाय तसाच, आणि मी उठूनच उभा राहिलो, म्हणजे झरोक्यात आलो.

दोरा सरसर गेला, बुडालेल्या फांदीला दोन वेढे पडले आणि तटकन तुटला. कोण होता, केवढा होता, काही कळलं नाही. गळ गेला. होता तिथेच परत गेला. अख्खा वेढा निघाला नाही, पण जेवढा हाताशी आला तेवढा दोरा पाण्यात उतरून कापून आणलाय.

पलीकडचे काटावाले गृहस्थ आले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "मोठा होता?"
मी दोन्ही हात पसरून दाखवले. मग जरा विचार करून थोडे जवळ आणले.

बुडबुडा
थोडक्यात, तळ्याने आपला गळ पकडला, आठवडाभर बघितला आणि परत सोडायला लावला.

निरुपद्रवी
मासा सुटला ना? मग बरं झालं.

काटेकोर
काठावरचा, हात किती जवळ आणलेत? अंदाजे सेंटिमीटरमध्ये सांगा.